धनाजीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स

किकवीच्या धनाजीनं वीस वर्षं ट्रॅक्टर आणि जीपगाड्या दुरुस्त केल्या. चाळिशी उलटल्यावर त्याला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा नाद लागला. भंगारातून एक आणून त्यानं घरीच खोलला. सुटे भाग क्रमानं मांडायला जेवणाची ताटं घेतली, तेव्हा बायको वनिता म्हणाली, "आज पोरं केळीच्या पानावर जेवत्याल, आन् तुमी उपाशी."

दोन वर्षांनी सुलक्षणाताईंची बंद पडलेली गाडी टेम्पोमागं बांधून त्याच्या दारात आली. ताई वेल्ह्याला राहायच्या, पासलीच्या उपकेंद्रात नर्स होत्या. डावा पाय लहानपणापासून अधू, म्हणून क्लच नसलेली, ऑटोमॅटिकच गाडी लागायची. पुण्यात त्यांना नवा गिअरबॉक्स सांगितला होता, एक लाख ऐंशी हजारांचा.

धनाजीनं खोलून पाहिलं. "नवा कशाला? आतल्या प्लेटा जळल्यात. पंचावन्न हजारांत हाच उभा करतो."

"चाळीसमध्ये नाही होणार?"

"व्हईल की. पण नकली प्लेटा पडत्याल. तुमाला रोज चढ चढायचाय."

ताईंनी पंचावन्न मान्य केले.

आठवड्यानं दोघं गाडी चालवून बघायला पासलीच्या चढाला निघाले. स्टेअरिंगवर धनाजी. ताई खूश होत्या, पण त्यानं मध्येच गाडी बाजूला घेतली.

"काय झालं? बरी चाललीय की."

"तिसरा गिअर पडताना अंग चोरतीय. परत खोलावी लागंल."

पुन्हा खोलल्यावर दिसलं, एका रबरी सीलची कड बसवताना दुमडली होती. चूक त्याचीच. ताईंना त्यानं फोनवर तसंच सांगितलं. वर नवं ऑइल स्वतःच्या खर्चानं भरलं.

"तुम्ही बोलला नसतात तर मला कळलंही नसतं," ताई म्हणाल्या.

"आत्ता न्हाई. सहा म्हैन्यानं प्लेटा परत जळाल्या आस्त्या."

दुसऱ्या खेपेला ताईच चालवायला बसल्या. धनाजी शेजारी कान देऊन. दुसरा, तिसरा, चौथा. गिअर कधी बदलला ते समजेनाच. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी पासलीत पोचली. धनाजी गालातल्या गालात हसला.

उपकेंद्रात चहा झाल्यावर ताईंनी त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला. "बसा, तुमचं बीपी बघू."

आकडा वर गेलेला. धनाजीनं यंत्राकडं संशयानं पाहिलं. "ताई, हे मशीन नीट हाय न्हवं?"

"मशीन नीट आहे. मीठ कमी करा, आणि दर महिन्याला इथं दाखवायला यायचं."

"व्हय," धनाजी म्हणाला.