मुकादमाचे शेजारी

कुणालाही एकटं राहू द्यायचं नाही, या बाबतीत आमच्या थोरल्या वहिनींइतकं हट्टी माणूस सबंध महाराष्ट्रात सापडायचं नाही. निगडीच्या प्राधिकरणात तेव्हा घरं कमी आणि आखलेले मोकळे प्लॉटच जास्त होते. दादा पिंपरीला कंपनीत शिफ्टला गेला की आसपास चिटपाखरू नसे, तरी वहिनींच्या ओट्यावर कुणी ना कुणी बसलेलं असायचंच. विजेचा मीटर बघायला आलेला माणूस जेवूनच परत जायचा. पत्ता चुकून आलेल्या एका गृहस्थांना त्यांनी बसवून घेतलं, पोहे दिले आणि आमच्या शेजारचा प्लॉट घ्यायचा सल्ला दिला. गृहस्थांनी तो खरंच घेतला.

अशा घरात काचेची टाकी आली. दादाच्या साहेबांची मद्रासला बदली झाली आणि जाताना ती रिकामी टाकी त्यांनी दादाच्या गळ्यात मारली. त्याच आठवड्यात, मोशीहून सायकलवर दूध घालायला येणाऱ्या बबनने इंद्रायणीत सापडलेला एक मिशाळ मासा कालवणासाठी आणून दिला. मासा अजून जिवंत होता आणि त्याने पातेल्यातून मिशा हलवून वहिनींकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी बबनने कालवण कसं झालं म्हणून विचारलं, तर कालवण टाकीत फिरत होतं. तळाशी ठेवलेल्या फुटक्या मडक्याच्या तोंडाशी तो असा काही ठाण मांडून बसायचा, की वहिनींनी त्याचं नाव मुकादम ठेवलं.

बबन म्हणाला, "वहिनी, ह्यो येकटा ऱ्हाणारा हाय. दुसरं कोन आलं की हाणतोय."

"तेच म्हणते मी," वहिनी म्हणाल्या. "एकटं राहून राहूनच स्वभाव असा होतो."

मी नोकरीसाठी तेव्हा त्यांच्याकडेच राहत होतो, त्यामुळे मुकादमाला सोबत शोधायच्या मोहिमेत पिशवी धरायचं काम माझ्याकडे आलं. पिंपरी कॅम्पातल्या दुकानातून पहिल्यांदा आम्ही नखाएवढे रंगीत मासे आणले. सकाळी एकही दिसेना. "लाजाळू आहेत, लपले असतील," असं वहिनी म्हणत राहिल्या. मुकादमाचं पोट मात्र वेगळंच सांगत होतं. मग लांब झुळझुळीत शेपटीचा एक सोनेरी मासा आला. त्याची शेपटी इतकी कातरली गेली, की दुकानदाराने परत घेताना त्याला ओळखलंच नाही. मग आपल्यासारखाच कुणी असला तर पटेल म्हणून बबनकडून दुसरा मिशाळ मासा मागवला. दोघांनी मडक्यावरून असं काही रण माजवलं, की कामावर निघालेल्या दादाची इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत भिजली. दुसऱ्याला बबन दुधाच्या रिकाम्या कॅनमधून पुन्हा इंद्रायणीत सोडून आला.

वहिनी खचल्या नाहीत. आता त्या दुकानात स्टूल टाकून बसू लागल्या. कोण भांडतो, कोण तळाशी रेंगाळतो, कोण वरच्या वर पोहतो, ते बघायच्या. "याचा स्वभाव कसा आहे?" असं त्यांनी पंधराव्या माशाबद्दल विचारलं तेव्हा दुकानदार हात जोडून म्हणाला, "बाई, मी मासे विकतो, मुली देत नाही." पण वहिनींचं निदान तयार होतं. मुकादमाला तळमजला लागतो, तेव्हा बिऱ्हाड वरच्या मजल्यावर राहणारं हवं. त्याच्या तोंडात मावू नये इतकं मोठं हवं, चपळ हवं, आणि लांब शेपटीची मिजास नको. अंगावर काळे पट्टे असलेले पाच मासे निवडले. शेवटची युक्तीही त्यांचीच. मासे सोडण्याआधी त्यांनी मडकं, दगड, वनस्पती, सगळं उचलून इकडचं तिकडे केलं. मुकादम बिचारा सबंध दिवस आपलं मडकं शोधत हिंडला. कुणाला हाणायला त्याला सवडच मिळाली नाही, आणि घर सापडेपर्यंत नव्यांची त्याला सवय झाली होती. "जुना कोण आणि नवा कोण, हे कळलंच नाही पाहिजे," वहिनी म्हणाल्या.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. सुमनला घेऊन मी आणि आई कोरेगावच्या आमच्या घरून निगडीला पोचलो, तर दार उघडल्यावर मला वाटलं, आपण शेजारच्या घरात शिरलो. पलंग खिडकीशी, कपाट उलट्या बाजूला, देव्हारा दुसऱ्या भिंतीवर. पहिल्या पाळीहून आलेला दादा सवयीने पलंगावर टेकायला गेला आणि थेट फरशीवर बसला. स्वयंपाकघरात तर एकही डबा जागेवर नव्हता. सुमन आणि वहिनी दोघी मिळून चहापत्ती शोधत होत्या, सापडली की हसत होत्या.

चहा आला. आईने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. साखरेऐवजी मीठ पडलं होतं. आमच्या आईचा धाक असा, की दादासुद्धा तिच्यासमोर खुर्चीवर बसत नसे. मी मान खाली घातली.

तेवढ्यात आतून आवाज आला. सुमनने विचारलं होतं, हे सगळं हलवलंत कशाला. वहिनी हळू बोलत होत्या, पण पडद्याआड सगळं ऐकू येत होतं.

"अगं, मी कोरेगावच्या घरात नवी होते तेव्हा कुठं काय ठेवलंय ते मला वर्षभर कळत नव्हतं. विचारायची लाज वाटायची. मीठ कमी असलं की तसंच जेवायची. तुझं तसं नको व्हायला."

मग आईने तो कप उचलला आणि शेवटच्या घोटापर्यंत संपवला. पदर खोचत ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. तिथे क्षणभर घुटमळली. आपल्या सुनांच्या दारात घुटमळलेली आई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"थोरले," ती म्हणाली, "मी काय करू, सांग की."