भरल्या क्रेटची फेरी

दिंडोरी रोडला जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे मी तिला एकदाच पाहिलं. मोटारसायकल नवी घ्यावी की जुनी, या विचारात माझे दोन महिने गेले होते. गाडी हवी होती ती आईला दवाखान्यात न्यायला. तिचे गुडघे धड राहिले नव्हते.

ती बाई चाळिशीची असेल. डोक्याला स्कार्फ, चपलांना शेतातली माती. टेम्पोतून टोमॅटोने भरलेले दोन क्रेट तिने उतरवले, जुन्या ट्यूबच्या पट्टीने एका गाडीवर आवळून बांधले आणि किक मारली.

"मावशी, आधी रिकामी तर चालवून बघा," विक्रेता म्हणाला.

"रिकामी कोनतीबी पळती," ती म्हणाली.

ती गाडी समोरच्या चढाला दमली. तिने क्रेट सोडून दुसरीवर बांधले. दुसरी मागून डुलायला लागली, मग तिसरीवर बांधले. कुणाला हात लावू दिला नाही. प्रत्येक गाठ स्वतः ओढून बघायची.

मी विचारलं, "ताई, एवढ्या त्रासापेक्षा नवीच का नाही घेत?"

"गेलते ना शोरूमात. भरल्या क्रेटनिशी चालवू देत नाय. म्हन्ले, आधी घ्या, मग भरा." तिने पट्टी आवळली. "मला तर रोज भरूनच न्यायची हाय."

तिसरी गाडी चढ चढून आली. तिने क्रेट सोडलेच नाहीत, तशीच व्यवहाराचं बोलायला आत गेली.

मी दोन महिने रंग आणि ॲव्हरेज बघत बसलो होतो. तिथूनच घरी फोन लावला.

"आई, तयार राहा. गाडी बघायला जायचंय, तुला मागे बसवून."