बोर्डावरचं कुंकू

त्या शनिवारी शिरूरला जायला दौंडहून निघालो, तेव्हापासूनच मला काहीतरी बिनसणार असं वाटत होतं. आता म्हणायला काय जातं, पण खरंच वाटत होतं.

आमचं घर निमोण्याला. मी रेल्वेत सिग्नलच्या कामावर, म्हणून दौंडच्या कॉलनीत राहतो. धाकट्या बहिणीला घरी बसून मशीनच्या भागांची ड्रॉइंग काढायचं काम मिळत होतं. सोमवारी एक नमुना पाठवायचा, तो पसंत पडला की काम पक्कं. पण तिचा जुना कॉम्प्युटर ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडतानाच मान टाकायचा. आणि आप्पांनी, आमच्या वडिलांनी, बजावून ठेवलं होतं, "सोमवारी जमलं तर ठीक. न्हाईतर मंगळवारी पाहुण्यांना व्हय म्हणून कळवतो." पाहुणे म्हणजे मुलाकडचे. तिला तो मुलगा नको होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

नवा प्रोसेसर आणि मदरबोर्ड निवडायचं माझ्याकडे आलं, कारण घरातला शहाणा मी. शिरूरच्या दुकानदाराने दोन जोड्या पुढे ठेवल्या. एकीत पिना प्रोसेसरलाच होत्या, मॉडेल जरा जुनं. दुसरीत पिना बोर्डावर, प्रोसेसर बसवायच्या चौकोनी खाचेत, केसाएवढ्या बारीक, शेकड्यांनी.

"जुनीच न्या," तो म्हणाला. "तिच्यावर बी ताईंचं काम हुईल. ह्या बोर्डाच्या पिना लई नाजूक, वाकल्या तर कंपनी बदलून देत न्हाई."

मला रागच आला. खेड्यातला बघून जुना माल गळ्यात मारतोय, असं वाटलं. सिग्नलच्या वायरी जोडण्यात माझी उमर चाललीय आणि हा मला शिकवणार! मी नवी जोडी उचलली.

रविवारी सकाळी टेबलावर चादर अंथरून मी बोर्ड मांडला. आप्पांना पिना दाखवायच्या म्हणून खाचेवरचं झाकण आधीच काढलं. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. घरात रेंज नाही, म्हणून अंगणात गेलो. जाताना आईला सांगितलं, कुणी हात लावायचा नाही.

परत आलो तर आई बोर्डापुढे हात जोडून उभी. खाचेत हळदकुंकू, वर चार अक्षता. आमच्याकडे विहिरीवरची मोटर असो की ट्रॅक्टर, पूजा केल्याशिवाय कळ दाबत नाहीत. हे मला कळायला हवं होतं.

"हात न्हाई लावला बाबा," ती हसत म्हणाली. "वरनंच वाहिलं."

ती आत गेल्यावर बोर्ड उलटा करून हळूच झटकला. अक्षता पडल्या, कुंकूही बरंचसं पडलं. तिथंच थांबून दुकान गाठायला हवं होतं. पण मी जुना टूथब्रश घेतला. ब्रशचा एक केस पिनांत अडकला, मी ओढला, आणि पिनांची एक अख्खी रांग आडवी झाली.

मी मागे वळून पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. त्या आडव्या रांगेवरच प्रोसेसर बसवला, बाकीचं जोडलं आणि कॉम्प्युटरचा खटका दाबला.

पंखा फिरला, स्क्रीन काळाच. दोनदा केलं, चारदा केलं. बहीण शेजारी उभी होती, तिचा श्वास ऐकू येत होता.

"काय झालं?" आप्पांनी दारातून विचारलं.

"कुंकू गेलंय आत," मी म्हणालो.

आप्पा मंगळवारपर्यंतसुद्धा थांबले नाहीत. अंगणात जाऊन त्यांनी फोन लावला. आईनं बहिणीचे दोन्ही हात धरले. "माझ्याच हातानं वाटोळं केलं गं तुझं," म्हणाली. मी तिथंच होतो, खाली बघून स्क्रू गोळा करत. त्या क्षणाची मला आजही किळस येते.

बहिणीच्या लग्नाला आता तीन वर्षं होतील. आई अजून घरातला मिक्सरसुद्धा स्वतः लावत नाही. कुणालातरी हाक मारते, मी घरी गेलेलो असलो की मलाच. मी जातो आणि बटण दाबतो.