पहिल्या नंबरच्या बाई

त्या बाईंचं नाव मी विचारलंच नाही. किडनीसाठीच्या यादीत त्यांचा नंबर पहिला होता, माझा दुसरा. त्या नको म्हणाल्या तर ती किडनी मला मिळणार होती, म्हणून आम्हा दोघांनाही दवाखान्यात उपाशीपोटी बोलावून बसवलं होतं.

डॉक्टर माझ्यादेखतच त्यांना समजावून गेले. किडनी देणारा म्हातारा होता, त्याला बीपीही होतं. किडनी चालेल, पण किती वर्षं ते सांगता येणार नाही.

बाई नवऱ्यासोबत पिशोरहून आल्या होत्या. डायलिसिसच्या सुयांनी फुगलेल्या शिरेवर अंगठा फिरवत बसायच्या. चपला काढून पाय बाकावर घ्यायच्या, लगेच उठून चपला घालायच्या, खिडकीपर्यंत जाऊन परत यायच्या. त्यांनी चपला घातल्या की मला वाटायचं, निघाल्या आता घरी.

"जुनी हाय म्हणं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पुढं चांगली भेटंल का नाय?"

मग त्या माझ्याकडं वळल्या. "भाऊ, तुम्ही काय केलं असतं?"

"घाई नका करू, ताई," मी म्हणालो.

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "डॉक्टरचं मला लई काय कळलं नाय. पण तुम्ही सकाळधरनं माझ्या चपलांकडं बघताय. टाकाऊ चीजंवर कुणी एवढी नजर ठेवतंय व्हय?"

त्यांनी चपला काढून नवऱ्याच्या हातात दिल्या आणि अनवाणीच आत गेल्या.

माझ्या चपला पायातच होत्या. दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं. मी घरी निघालो.