जॅकखालचा पाटा

मंडळी, आज सकाळी आमच्या सत्तरच्या दशकातल्या जीपचे झिजलेले शॉकअप मी घरीच बदलत होतो. मागचं चाक काढून खाली शिरणार, तोच आई ओरडली, "थांब! जॅकखाली काहून नाई ठेवलं काही?"

"दोन मिनिटाचं काम आहे वं आई!" मी वैतागलो. तेवढ्यात जॅक अंगणाच्या काळ्या मातीत धसला आणि जीप धाडकन खाली बसली.

आईनं घरातून दगडी पाटा ओढत आणला. "हे ठेव खाली. तुया मामा याच जीपखाली गेला. तो बी दोन मिनिटंच म्हणे."

मामांचा अपघात झाला, एवढंच आम्हाला सांगितलं होतं. याच जीपनं मंगरूळपीरच्या सवाऱ्या नेऊन आमचं घर चालवलं. आई मात्र तिच्यात कधीच बसली नाही. गाडी लागते म्हणायची.

आम्हाला ते खरंच वाटायचं.