पोपटाच्या चोचीतली धूळ

अठराव्या वर्षी मला सगळं कळत होतं. मला मुंबईत ब्लॉक हवा होता आणि नवरा त्यात मावेल असा.

आत्या म्हणाली, "चल, तारापूरची घरं दाखवते. कोरीव काम बघायला लोकं कुठून कुठून येतात." घरं बघायला तिने मला रेशमी साडी नेसवली, गजरा माळला आणि आमच्या माहीमच्या (मुंबईतलं नव्हे, इकडचं गाव) वाडीतल्या चिकूंची करंडी बरोबर घेतली. तेव्हाच ओळखलं, आज घरंच मला बघणार आहेत.

बोईसरपासून एसटी. वाटभर अणुवीज केंद्राच्या बांधकामाचे ट्रक. पोचेपर्यंत गजरा विटकरी झाला होता.

घरं खरंच बघण्यासारखी होती. सागवानी खांब, त्यांवर कोरलेल्या वेली आणि पोपट, वर नक्षीचे सज्जे. "ओळखीचे हायत, पाणी पिऊन जाऊ," म्हणत आत्या एका ओट्यावर चढली. झोपाळ्यावर मुलाची आई. मुलगा खांबाला टेकून उभा, खांबापेक्षा बराच कमी कोरीव.

माझा बेत तयार होता. घराला नावं ठेवायची, म्हणजे नकार तिकडूनच येईल.

"घर कसं वाटलं गो?" मुलाच्या आईने विचारलं.

"जुनं हाय. त्या पोपटाच्या चोचीत धूळ हाय. एवढी नक्षी पुसायची कुणी? मी तर तोडून साधा खांब लावीन."

आत्याने चिमटा काढला. म्हणून मी वरच्या कोपऱ्यातली जळमटंही दाखवली.

बाई उठल्या. पोपटाच्या चोचीत बोट फिरवून त्यांनी ते उजेडात धरलं.

"इतक्या पोरी येऊन गेल्या. सगळ्या बोलल्या, काय सुंदर घर. धूळ एकीला दिसली नाय." मग मुलाला म्हणाल्या, "हीच."

"आई, ती खांब तोडायचा बोलते."

"पुसून पुसून जीव जडला का तोडायचं विसरेल."

अजूनही मला नाही म्हणता आलं असतं. पण मुलाने खिशातून रुमाल काढला आणि मुकाट्याने चोच पुसायला लागला. धूळ बाहेर काढायची सोडून आणखी आत ढकलत होता. मी म्हटलं, "असं नाय, इकडून." रुमाल हातात घेतला आणि तिथेच मुंबईचा ब्लॉक गेला.

पुसून पुसून ती चोच आता पार झिजली आहे. घरं बघायला येणारे फोटो काढतात आणि विचारतात, "आजी, खांबावर चिमणी का कोरली?"

मी सांगते, "कारागिराची मर्जी."