शर्यत येतेय

मेढ्याजवळच्या उतारावर सायकल स्पर्धेसाठी रस्ता मोकळा ठेवायचं काम माझ्याकडे होतं. माझा आवाज जेमतेम मलाच ऐकू येतो. वळणावरून सायकली कधीही सुसाट येणार होत्या आणि उसाचा ट्रॅक्टर रस्त्यात मधोमध उभा होता. ‘रेस’ला मराठीत काय म्हणतात ते आठवून मी चालकाला म्हटलं, “काका, शर्यत येतेय.”

“शर्यत? आरं, बाजूला व्हा समदी! बैलं काय ब्रेक मारत्यात व्हय?”

ट्रॅक्टर लगेच शेतात उतरला. चहाच्या टपरीवरची माणसं बांधावर चढली.

सायकली सुखरूप जाऊ लागल्या. काका अजून वळणाकडेच बघत होते.

“पोरी, सायकलवाली पोरं गेली. बैलं कवा यायची?”

शेवटची सायकल यायची बाकी होती.

“मागून येतायत,” मी म्हणाले.